न्यूटन-मीटरचा मोह

केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुर्मिळ मृदा धातूंपासून बनणाऱ्या स्थायी चुंबकांच्या देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशातच तयार व्हावेत, हे तिचे उद्दिष्ट. या बातमीच्या निमित्ताने विजेवर चालणारी वाहने, पवनचक्क्या आणि संरक्षणसामग्री यांची चर्चा झाली आणि ती रास्तच होती. मात्र याच जातीचे चुंबक आज अनेक भारतीय तरुणांच्या अभ्यासिकेतही पोहोचले आहेत. संगणकावरील मोटारशर्यतीसाठी, म्हणजेच सिम रेसिंगसाठी, टेबलाला आवळून बसवलेल्या एका काळ्या डब्यात ते असतात. त्या डब्याला डायरेक्ट ड्राइव्ह व्हील बेस म्हणतात.

हा डबा स्वस्त नाही. मध्यमवर्गीय घरातील तरुण त्यासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवतो आणि आयातशुल्क, वाहतूक व विक्रेत्याचा नफा धरून फुगलेली किंमत मोजतो. निवड करताना मात्र त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच आकडा असतो : टॉर्क किती न्यूटन-मीटर? पाचापेक्षा आठ बरा, आठापेक्षा बारा आणि पंचवीस तर स्वर्गच, अशी सरळ उतरंड विक्रेते मांडतात आणि ग्राहक ती मान्य करतो. ही उतरंड फसवी आहे. टॉर्कचा आकडा खोटा नसतो. पण तो अपुरा असतो, आणि अपुऱ्या आकड्यावर बेतलेली निवड पैसा, मनगट व उत्साह या तिन्हींना महागात पडू शकते.

आधी या यंत्राचे मर्म पाहावे. जुन्या आणि स्वस्त खेळचक्रांत एक छोटी, वेगाने फिरणारी मोटर असते. तिचा जोर दातेरी चाकांनी किंवा पट्ट्याने वाढवून स्टिअरिंगपर्यंत नेला जातो. लॉजिटेकच्या जी-२९ मध्ये दातेरी चाके आहेत, तर थ्रस्टमास्टरच्या टी-३०० मध्ये पट्टा. दात्यांमध्ये किंचित फट राहते आणि दिशा बदलताना खडखड जाणवते. पट्टा ताणला जातो आणि बारीक थरथर मधल्यामध्ये गिळून टाकतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हे मध्यस्थच नसतात. स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसते. पडद्यावरील गाडीचे पुढचे चाक घसरू लागले की स्टिअरिंगचा भार हलका होतो आणि तो बदल हाताला तत्काळ कळतो.

ही मोटर मुळात कारखान्यातली. यंत्रमाग, छपाईयंत्रे, धातू कापणारी यंत्रे यांत वापरल्या जाणाऱ्या सर्वो मोटरीच काही हौशी मंडळींनी प्रथम शर्यतीच्या खेळाला जोडल्या. तिच्यामागे दोन मोठे शोध उभे आहेत. पहिला निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या चुंबकाचा. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी तो स्वतंत्रपणे लावला. दुसरा शोध १९७० च्या आसपास जर्मनीत विकसित झालेल्या नियंत्रणपद्धतीचा. मोटरमधील प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनुसार क्षणोक्षणी वळवण्याचे हे गणित आहे. चुंबक जोर देतो आणि हे गणित त्या जोराला वळण लावते. विक्रीच्या पानावर पहिल्याचा आकडा ठळक असतो, दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

आता त्या आकड्याचा अर्थ. टॉर्क म्हणजे फिरवणारे बल. स्टिअरिंगचा व्यास ३० सेंटीमीटर धरला, तर ५ न्यूटन-मीटरचा बेस हाताला सुमारे ३.४ किलो वजनाइतका रेटा देतो. ८ न्यूटन-मीटरला हा रेटा ५.४ किलो होतो, १२ ला ८ किलोंहून थोडा अधिक आणि २५ ला तब्बल १७ किलो. दोन्ही हातांत विभागला तरी १७ किलोंचा झटका अर्धा तास सोसणे ही करमणूक राहत नाही, तो व्यायाम होतो.

शिवाय हा आकडा कोणत्या क्षणाचा, हेही विचारावे लागते. काही उत्पादक क्षणिक कमाल टॉर्क छापतात, काही सतत टिकणारा. एखाद्या लांब वळणात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरील दहाव्या-अकराव्या वळणासारख्या ठिकाणी, चालक स्टिअरिंग एकाच कोनात धरून ठेवतो. तेव्हा मोटर फिरत नाही, काही यांत्रिक कार्यही करत नाही. तरीही तिच्या तांब्याच्या तारांतून पूर्ण प्रवाह वाहतो आणि त्या सगळ्या विजेची उष्णता होते. टॉर्क प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लहान मोटर पूर्ण जोरावर चालवली की ती तापते, आणि स्वतःच्या रक्षणासाठी नियंत्रक टॉर्क गुपचूप कमी करतो. शर्यतीच्या विसाव्या मिनिटाला स्टिअरिंग हलके लागू लागते आणि चालकाला वाटते की टायर झिजले.

आकडा नेहमी मोटरचाच असतो असेही नाही. फॅनाटेकचा सीएसएल डीडी हा बेस ९० वॅटच्या वीजपुरवठ्यावर ५ न्यूटन-मीटर देतो आणि १८० वॅटच्या पुरवठ्यावर ८. डबा तोच, मोटर तीच. बदलतो तो फक्त भिंतीच्या खटक्याला जोडायचा संच. ग्राहकाने काय विकत घेतले याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही, याचा याहून सोपा दाखला नाही.

मोठ्या टॉर्कचे समर्थक एक मुद्दा मांडतात आणि तो वजनदार आहे. खेळाने मागितलेले बल बेसच्या कुवतीपलीकडे गेले की ते छाटले जाते. समजा, ८ न्यूटन-मीटरच्या बेसवर नेहमीच्या वळणाला ५ इतका जोर येईल अशी जुळवणी केली आहे. गाडी कडेच्या रंगीत उंचवट्यावर आदळली आणि खेळाने १२ मागितले, तर हाताला आठच मिळतात. दहा मागितले तरी आठच, आणि पंधरा मागितले तरी आठच. त्या क्षणी हात आंधळा होतो. मोठा बेस अर्ध्या जोरावर चालवला तर हे टळते आणि मोटरही थंड राहते, कारण अर्ध्या टॉर्कला उष्णता पाव होते. म्हणून थोडी राखीव कुवत हवीच. पण राखीव किती, यालाही मर्यादा आहे. मोठ्या मोटरीच्या आतला फिरता भाग सहसा जड असतो, त्याचे जडत्व जास्त असते, आणि ते सांभाळायला तितकेच दमदार नियंत्रण लागते. ते नसेल तर वाढलेला जोर केवळ दणका देतो, माहिती देत नाही.

माहिती हाच खरा निकष आहे. मानवी तळहातातील कंपन टिपणाऱ्या संवेदनाग्राही पेशी सेकंदाला सुमारे २५० कंपनांच्या आसपास सर्वाधिक तीक्ष्ण असतात. टायर पकड सोडण्याआधीची कुरकुर, रस्त्याचा खरखरीतपणा, चाक अडकल्याची थरथर हे सारे अल्प बलाचे पण जलद बदल असतात. ते पोहोचवण्यासाठी मोटर गुळगुळीत फिरली पाहिजे. चुंबकांच्या ओढीमुळे येणारे बारीक गचके बोटांना लागता कामा नयेत, आणि आज्ञा मिळताच टॉर्क विलंबाविना बदलला पाहिजे. सहा न्यूटन-मीटरचा गुळगुळीत बेस वीस न्यूटन-मीटरच्या गचके देणाऱ्या बेसपेक्षा चालकाला अधिक शिकवतो.

येथेच एन्कोडर महत्त्वाचा ठरतो. स्टिअरिंग नेमके कोणत्या कोनात आहे हे मोजणारा हा भाग. सोळा बिटांचा एन्कोडर एका फेरीचे ६५,५३६ भाग करतो, म्हणजे एक भाग अंशाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याहून थोडा मोठा. एवढे बारीक मोजमाप कोणाला हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नियंत्रकाला केवळ कोन नको असतो, वेगही हवा असतो, आणि वेग काढला जातो तो लागोपाठच्या दोन कोनांच्या फरकावरून. स्टिअरिंग सेकंदाला १० अंश अशा संथ गतीने फिरत असेल, तर एका मिलिसेकंदात सोळा बिटांचा एन्कोडर जेमतेम दोन भाग पुढे सरकतो. कधी एक मोजतो, कधी दोन. त्यावरून काढलेला वेग उड्या मारतो आणि त्या उड्या हातात खरखर म्हणून उतरतात. बावीस बिटांचा एन्कोडर तेवढ्याच वेळात शंभरहून अधिक भाग मोजतो. म्हणून बिटांची संख्या हा निव्वळ जाहिरातीचा शब्द नाही. पण तीही एकटी पुरेशी नाही. खेळाकडून येणारी आज्ञाच विरळ असेल तर उत्तम एन्कोडरही तिच्यात नवे काही घालू शकत नाही. आयरेसिंग या प्रसिद्ध सिम्युलेटरमध्ये गाडीचे भौतिकशास्त्र सेकंदाला ३६० वेळा मोजले जाते, पण स्टिअरिंगला बलाची आज्ञा दीर्घकाळ सेकंदाला ६० वेळाच जात असे. मधल्या जागा बेसमधील आज्ञावली भरून काढत असे. दोन बेसमधला फरक पुष्कळदा या भरणीच्या कौशल्याचा असतो.

यानंतर येतो टेबलाचा प्रश्न, आणि भारतीय घरांत तो पहिला असायला हवा. प्लायवूडच्या अभ्यासाच्या टेबलाला आठ न्यूटन-मीटरचा बेस आवळला की जोर स्टिअरिंगमध्ये कमी आणि टेबलाच्या पायांत जास्त जातो. टेबल हलले की बारीक कंपने वाटेतच विरतात. ज्या बारकाव्यांसाठी पैसे मोजले, ते फर्निचर खाऊन टाकते. ॲल्युमिनियम प्रोफाइलची तयार चौकट महाग पडते. पण गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी चौकोनी नळ्यांची भक्कम चौकट बनवून मिळते, आणि जुन्या मोटारीची खुर्ची भंगारबाजारात सापडते. ज्याच्याकडे अशी चौकट नाही आणि ती ठेवायला घरात जागाही नाही, त्याने पाच न्यूटन-मीटरच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

सुरक्षिततेबद्दल तर विक्रीच्या पानांवर फारच थोडे लिहिलेले असते. पडद्यावरील गाडी भिंतीवर आदळली की मोठा बेस स्टिअरिंगला क्षणात हिसका देतो. आऱ्यांच्या आत अंगठा अडकवून बसलेल्या खेळाडूचा अंगठा मुरगळू शकतो. हात सोडला तर स्टिअरिंग स्वतःच डावी-उजवी झोके खाऊ लागते. घरात लहान मूल असेल तर हा प्रसंग गंभीर होऊ शकतो. म्हणून मोठ्या बेससोबत तातडीने बंद करण्याचे लाल बटण असते. ते हाताशी बसवणे आणि पहिले काही दिवस जोर निम्म्याहून कमी ठेवणे हे भ्याडपणाचे लक्षण मानू नये. तीन पिनांच्या खटक्यात अर्थिंग खरोखर आहे का, हेही तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसरे छिद्र पुष्कळदा नुसते शोभेला असते.

मग प्रश्न उरतो तो साथसंगतीचा. बेस एकटा विकत घेतला जात नाही. त्याच्याबरोबर एक घराणे विकत घेतले जाते. बहुतेक कंपन्यांची स्टिअरिंग अडकवण्याची खुंटी स्वतःची असते आणि दुसऱ्या कंपनीचे स्टिअरिंग तिच्यावर सहज बसत नाही. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळायचे असेल तर त्या-त्या यंत्राची अधिकृत मान्यता असलेलाच बेस चालतो. संगणकावर निवड मोकळी असते. कंपनी टिकेल का, हाही विचार करावा लागतो. फॅनाटेकची मूळ कंपनी एन्डॉर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी कोर्सेरने तो व्यवसाय विकत घेतला. नाममुद्रा वाचली, पण मधल्या काळात ग्राहकांच्या मनात दुरुस्ती व सुट्या भागांची धास्ती राहिली. युरोप-अमेरिकेतील ग्राहकापेक्षा भारतीय ग्राहकासाठी ही धास्ती मोठी. बारा किलोंचा डबा दुरुस्तीसाठी परदेशी पाठवणे आणि सीमाशुल्काच्या कागदपत्रांतून परत आणणे हे अनेकदा नव्या खरेदीइतके जड जाते. देशात दुरुस्ती होते का, हा प्रश्न म्हणूनच टॉर्कच्या आधी विचारावा.

पैसा मर्यादित असेल, आणि तो बहुतेकांचा असतोच, तर त्याची वाटणीही शहाणपणाने व्हावी. शर्यतीत सर्वाधिक वेळ जिंकला किंवा गमावला जातो तो ब्रेकवर. खऱ्या शर्यतीच्या गाडीत पायाला पट्टीचे अंतर क्वचितच कळते. कळतो तो दाब. बल मोजणाऱ्या लोडसेलच्या पेडलमध्ये हेच घडते आणि स्नायू दाबाची आठवण चटकन ठेवतात. टॉर्कचा आकडा वाढवण्यासाठी साधे पेडल घेणारा खेळाडू हाताला श्रीमंत आणि पायाला गरीब ठेवतो. मधल्या टॉर्कचा बेस आणि उत्तम पेडल ही जोडी जास्त वेगवान ठरते.

यावर कोणी म्हणेल की ध्येय खऱ्या शर्यतीचे असेल तर खरा जोर नको का? हवा, पण कोणत्या गाडीचा, हे ठरवून. फॉर्म्युला २ च्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसते. बेंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनाकोत त्या गटातील स्प्रिंट शर्यत जिंकली, तेव्हा त्या अरुंद रस्त्यांवर त्याच्या दंडांनी तो भार पेलला होता. अशा गाडीची तयारी करणाऱ्याला पंधरा-वीस न्यूटन-मीटरचा सराव उपयोगी आहे आणि त्याच्याकडे बहुधा प्रशिक्षक व भक्कम चौकटही असते. इतरांसाठी हा मार्ग वेगळा आहे. ब्रिटनच्या यान मार्डनबरोने २०११ मध्ये प्लेस्टेशनवरील ग्रान टुरिस्मोच्या स्पर्धेतून खऱ्या शर्यतींत पाऊल टाकले आणि दोनच वर्षांनी तो ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. तेव्हा आजच्यासारखे घरगुती डायरेक्ट ड्राइव्ह बेस बाजारात रुळलेले नव्हते.

भारतात याला विशेष अर्थ आहे. देशातील प्रमुख सर्किटे चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा या मोजक्या ठिकाणी आहेत. नागपूरच्या, गुवाहाटीच्या किंवा जोधपूरच्या मुलीला एका दिवसाच्या सरावासाठी करावा लागणारा प्रवास, टायर आणि इंधन यांचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिच्यासाठी सिम्युलेटर हेच पहिले मैदान. अशा घराला पंचवीस न्यूटन-मीटर नसतील तर मुलगी मागे पडेल असे भासवणे हा अन्याय आहे. भक्कम चौकटीवरचा आठ ते बारा न्यूटन-मीटरचा गुळगुळीत बेस, लोडसेलचा ब्रेक आणि देशातच होणारी दुरुस्ती एवढे मिळाले तर शिकण्यासारखे काही हातून सुटत नाही. जागा आणि पैसा कमी असेल तर पाचानेही आरंभ व्हावा.

एकाच आकड्यावर भाळण्याची ही सवय व्यक्तीपुरती राहत नाही, हे चुंबकांच्या बातमीकडे परत वळल्यावर दिसते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम, समेरियम यांसह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि त्यांपासून बनणारे चुंबकही त्यात आले. त्याची झळ भारतीय वाहनउद्योगाला लागली. पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरील चेतक स्कूटरचे उत्पादन काही काळ घटवावे लागले. देशाकडे किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइटचे मोठे साठे आहेत आणि १९५० पासून सरकारी आयआरईएल त्यावर काम करत आहे. उणीव होती ती धातूपासून चुंबकापर्यंतच्या मधल्या पायऱ्यांची. नवी योजना नेमकी तेथे बोट ठेवते आणि तिचे स्वागत व्हायला हवे.

परंतु ६,००० टन हाही एक आकडाच आहे. चुंबक तयार झाला म्हणजे मोटर तयार झाली असे नाही. मोटरीला एन्कोडर लागतो, नियंत्रक लागतो, आणि त्या नियंत्रकात प्रवाहाला मिलिसेकंदाच्या आत वळण लावणारी आज्ञावली लागते. या तीन गोष्टी परदेशातून येत राहिल्या तर देशी चुंबक आयात डब्यात बसेल आणि मूल्याचा मोठा वाटा बाहेरच राहील. व्हील बेस ही या दृष्टीने क्षुल्लक वस्तू नाही. यंत्रमानवाचा सांधा, शस्त्रक्रियेचे यंत्र आणि कारखान्यातील सर्वो यांच्यात असलेले सारे विज्ञान तिच्यात आहे, आणि तिचा परीक्षक मानवी तळहात आहे, ज्याला फसवणे कठीण.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जी पथके फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी विजेवर चालणाऱ्या गाड्या बांधतात, त्यांच्यापाशी मोटर-नियंत्रणाचे प्राथमिक ज्ञान आधीच आहे. बल-प्रतिसादाच्या नियंत्रकाचे खुले आराखडेही उपलब्ध आहेत. ओपनएफएफबोर्ड हा त्यांतला एक. एखाद्या पथकाने देशी मोटर घेऊन सहा न्यूटन-मीटरचा, पण खरोखर गुळगुळीत बेस घडवला, तर तो प्रयोगशाळेतील कुतूहल म्हणून संपू नये. त्याला विद्यापीठाचा आधार आणि उद्योगाची मागणी मिळायला हवी.

तोवर खरेदीला निघालेल्या तरुणाने, आणि त्याच्या खरेदीला पैसे देणाऱ्या पालकांनीही, विक्रेत्याला न्यूटन-मीटर विचारण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. सतत टिकणारा टॉर्क किती? बेस कशावर बसवायचा? बंद करण्याचे बटण कोठे आहे? बिघडला तर कोठे दुरुस्त होईल? आणि उरलेल्या पैशांत ब्रेक कोणता येईल? यांची उत्तरे मिळाल्यानंतर न्यूटन-मीटरचा आकडा विचारला तरी चालेल. बहुधा तो अपेक्षेपेक्षा लहान निघेल आणि पुरेसाही ठरेल.